छोट्या प्रोजेक्टवाल्यांनी जायचं कुठं?

परवा आमच्या डिपार्टमेंटचे सर कपाट आवरत होते, मे महिन्यात रिटायर होणार, तर खालच्या खणातून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) मायनर रिसर्च प्रोजेक्टची, म्हणजे छोट्या संशोधनाच्या अनुदानाची, जुनी फाईल निघाली. किनवटकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं काम होतं, पैसे जेमतेम दीड लाख, आणि कॉलेजच्या अकाउंटवाल्यांनी बिलं तीनदा परत केली ती कथा वेगळीच. पण सरांनी मोटरसायकलवर साठ गावांचं पाणी गोळा केलं, कितीतरी ठिकाणी आकडा लिटरला 1.5 मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर निघाला.

बारावी पंचवार्षिक योजना 2017 ला संपली आणि असले छोटे प्रोजेक्टही आटले. सर म्हणाले, आता कुणी नवा पोरगा असेल तर त्यानं अर्ज कुठं करावा रे?

मी सांगायला लागलो, 2023 च्या कायद्यानं एएनआरएफ आलंय, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्राची नवी संस्था, आधी हेच काम करणारं जुनं सर्ब मंडळ त्यातच गेलं, पाच वर्षांत 50 हजार कोटी. सर खूश. मग म्हणलं थांबा, त्यातले 36 हजार कोटी उद्योग, दानशूर मंडळी असं बाहेरून यायचं ठरलंय. आता आमच्याकडं उद्योग म्हणजे साखर कारखाना, डाळ मिल नाहीतर जिनिंग, ते गणपतीला वर्गणी देतील हो, पण बोअरच्या पाण्याला कोण देतंय? फ्लोराइडमधून कुणाचा धंदा होणार? आणि 2025 ला मंजूर झालेला 1 लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास, नावीन्य) फंड तर खाजगी कंपन्यांना कमी व्याजाचं कर्ज द्यायला आहे, म्हणजे आधी अनुदान देणारं सरकार आता सावकारीत उतरलं म्हणा ना.

सगळंच वाईट नाही. 2024 ला संशोधनाच्या अनुदानावरचा जीएसटी काढला ते बरंच झालं. एएनआरएफच्या 'पेअर' योजनेत मोठ्या संस्थेला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, करून राज्य विद्यापीठं तिला जोडतात, तेही चांगलंय, पण चाकाचे आरे विद्यापीठं झाली तर तालुक्याचं कॉलेज कोण, चिखल?

सरांनी फाईल रद्दीत टाकली नाही, माझ्या टेबलावर ठेवली. फ्लोराइड मोजायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर अजून चालू आहे, बाटल्याही आहेत, दिवाळीनंतर पहिल्या दहा गावांना जाऊन येतो, पेट्रोल माझं.