झेब्राफिशच्या पहिल्या तीन तासांसाठी एमआरएनए

हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या जीएफपी या प्रथिनाची कथा अनेक विज्ञानवाचकांना ठाऊक असते. ओसामु शिमोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ते एका जेलीफिशमधून वेगळे केले आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांना विभागून मिळाले. हे प्रथिन बनवण्याचा संदेश पेशीपर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न त्या मानाने कमी चर्चिला जातो आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

डीएनएच्या रूपाने जनुक दिले, तर आधी त्याचे प्रतिलेखन, म्हणजे नक्कल, होऊन एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा आरएनए) तयार व्हावा लागतो. झेब्राफिशच्या भ्रूणात हीच अडचण असते. (हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला असून १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांबरोबर त्याचे वर्णन केले होते.) फलनानंतर सुमारे तीन तास या भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ निष्क्रिय असतात आणि सारा कारभार आईने अंड्यात साठवलेल्या आरएनएवर चालतो; एका पेशीच्या सुमारे हजार पेशी होतात त्या याच काळात. बाहेरून दिलेला डीएनए तेव्हा मूक राहतो, पण प्रयोगशाळेत तयार केलेला एमआरएनए एकपेशीय अवस्थेतच सुईने सोडला, तर पेशीतील प्रथिने बनवणारे रायबोसोम तो थेट वाचू लागतात. अगदी पहिली विभाजने मात्र अंधारातच राहतात, कारण प्रथिन बनून त्यातील प्रकाश देणारा भाग पक्व होण्यास वेळ लागतो आणि ऑक्सिजनही लागतो.

२००८ मध्ये हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरीतील संशोधकांनी नेमके हेच केले. गुणसूत्रांना बिलगणारे एच२बी हे हिस्टोन प्रथिन आणि ईजीएफपी (जीएफपीचे अधिक तेजस्वी रूप) यांचा जोडसंदेश एमआरएनएच्या रूपाने भ्रूणात सोडून, प्रकाशाच्या पातळ पडद्याने नमुना उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पहिल्या चोवीस तासांतील पेशीकेंद्रकांच्या हालचाली व विभाजने टिपली. भ्रूण घडताना पेशीन्‌पेशीचा माग काढण्याचे ते काम मला आजही थक्क करते.

असा एमआरएनए टी७ किंवा एसपी६ पॉलिमरेज या विकरांच्या साहाय्याने परीक्षानळीत बनवतात. त्याच्या एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला अॅडेनिनची लांब शेपटी असते. मानवी पेशींसाठी तो वापरताना आणखी काळजी घ्यावी लागते. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले, की आरएनएच्या युरिडिन या घटकाऐवजी स्यूडोयुरिडिनसारखे बदललेले घटक वापरल्यास पेशीची प्रतिकारयंत्रणा शांत राहते. या शोधमालिकेला २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु निर्मितीत उपपदार्थ म्हणून दुपदरी आरएनए राहिला, तर पेशीला तो विषाणूचा वाटतो आणि ती प्रथिननिर्मितीच आवरती घेते. म्हणूनच चित्र फिके आले, तर सूक्ष्मदर्शकाला दोष देण्यापूर्वी आरएनएची शुद्धता तपासणे मला आवश्यक वाटते.

संदेश पोहोचला, पण वाचला गेला का, हेही वेगळे पाहता येते. ईजीएफपीच्या एमआरएनएला सीवाय५ हा रंग जोडला, की लाल ठिपके आरएनए कोठे आहे ते दाखवतात आणि हिरवा प्रकाश त्याचे प्रथिन झाल्याचे सांगतो. लाल भरपूर आणि हिरवे नगण्य असेल, तर आरएनए बहुधा एंडोसोमच्या, म्हणजे पेशी बाहेरचे पदार्थ ज्यांत आत घेते त्या, पिशव्यांतच अडकलेला असतो, आणि आरएनए पेशीत नेणारे लिपिड नॅनोकण (मेदाचे अतिसूक्ष्म कण) सुधारू पाहणाऱ्यांना आपले काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे ते त्यावरून कळते.