सासवडला चालत कशाला?

वारी आषाढात, मग तुम्ही थंडीत एकटेच पुण्याहून सासवडला चालत का जाता, असं मला नेहमी विचारलं जातं. भाचा तर स्पष्टच म्हणतो, "मामा, बस आहे की!" बस आहे, आणि परत मी बसनेच येतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. पहाटे अंधारात पेठेतून निघायचं. पूलगेट, फातिमानगर, हडपसर हा सगळा भाग उजाडायच्या आत मागे टाकायचा, कारण नंतर तिथे चालणाऱ्याला कुणी विचारत नाही. गाडीतळापाशी चहा. इथेच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात: तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची उजवीकडे सासवडला. पुढे फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी. गोदामं, साड्यांची अवाढव्य दुकानं, कंटेनर आणि धूळ. हा पट्टा रटाळ आहे, त्यात काहीही रम्य नाही. म्हणून पुष्कळजण घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीने जातात आणि तिथून "ट्रेक" करतात. मला ते पटत नाही. घरापासून चालत आल्याशिवाय दिवे घाट कळतच नाही.

कळतो म्हणजे काय, तर पाय भरून आलेले असताना समोर चढ उभा राहतो, तेव्हा माउलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या का जोडाव्या लागतात हे पोटऱ्यांना समजतं. घाटात मी उजव्या कडेने चालतो, समोरून येणारा ट्रक दिसलेला बरा. वळणावळणावर खाली मस्तानी तलाव दिसतो. पावसाळ्यानंतर पाणी असतं, उन्हाळ्यात तो केविलवाणा होतो. वर भन्नाट वारा.

माथ्यावर आलं की हवा बदलते आणि माणसांची बोलीही. हा पुरंदरचा टापू, अंजीर-सीताफळांचा. दिवे गावाजवळ रस्त्याकडेला एक आजी पाटी घेऊन बसलेल्या असतात. अंजिराच्याच पानांवर अंजिरं मांडलेली, देठाशी चीक वाळलेला. मी वाकून निवडायला लागलो की म्हणतात, "दाबू नका, डोळ्यांनी बघा." भाव करायची माझी छाती होत नाही.

आता मुख्य उत्तर. सासवड पुण्यापासून बरोबर एका मुक्कामावर आहे, आणि गाडीतून ते अंतर हरवतं. तासाभरात पोचणाऱ्याला सासवड उपनगर वाटतं. खरं तर पेशव्यांचं बिऱ्हाड पुण्याच्या आधी इथे होतं. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले ते सासवडलाच. शनिवारवाड्याचं काम सुरू झालं १७३० मध्ये. दिवसभर चाललं की हे सरळ दिसतं: खाली पुणं, वर घाटाआड सुरक्षित सासवड, पाठीशी पुरंदर किल्ला, शेजारी कऱ्हेचं पाणी. शहाण्या माणसाने बिऱ्हाड कुठे करावं? पालखीसुद्धा इथे दोन रात्री थांबते. ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाची, सोपानदेवांची समाधी इथे आहे हे तर आहेच, पण एवढी मजल मारल्यावर माणसांना आणि बैलांना विसावा नको?

पोचल्यावर मी आधी सोपानकाकांचं दर्शन घेतो, मग संगमेश्वराला जातो. पायऱ्या चढताना गुडघे बोलतात. नंदीजवळच्या थंड फरशीवर बूट-मोजे काढून बसायचं आणि फोड आले असतील तर त्यांची पाहणी करायची. (नवे बूट घालून हा उद्योग करू नका. दोन जोड मोजे बरोबर घ्या, पाणी भरपूर.) पुरंदऱ्यांच्या वाड्याची भिंत उजेड असेल तर बघतो, नाहीतर मिसळ खाऊन थेट स्टँडवर.

बसने परतलो म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मुरडोत. पालखी तरी सासवडहून उलटी पुण्याला कुठे चालत येते? ती पुढे जेजुरीला जाते, आणि तेवढं माझ्याच्याने होत नाही.