अंजिराखाली अंतरपाट

गेल्या चार महिन्यांत मी लंडनमधले अकरा पब पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला, टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे?

उत्तर बहुतेक ठिकाणी एकच यायचं: "खाली." इथले जुने पब अरुंद जागेत उभे आहेत. दारू तळघरात, टॉयलेटही तिथेच शेजारी, आणि समारंभाची खोली वरच्या मजल्यावर. मधला जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहावं. माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, पण नातीच्या लग्नाला यायचं म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय. त्या जिन्यावरून तिला दिवसातून चार वेळा खालीवर करायला लावलं, तर कसलं आलंय निवांत लग्न!

ज्याच्याशी लग्न करतेय त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते उखाण्यासाठी राखून ठेवलंय. त्याचं आणि माझं सुरुवातीलाच ठरलं होतं, सप्टेंबरात एका गुरुवारी इस्लिंग्टनच्या टाउन हॉलमध्ये रजिस्टर लग्न करायचं आणि मग पबमध्ये सगळ्यांनी बसून जेवायचं, बोलायचं. माणसं ४२. स्टेज नको, रांगेत उभं राहून भेटी नकोत, फोटोसाठी ताटकळणं नको. माझ्या चुलतबहिणीच्या रिसेप्शनला मी तिला संध्याकाळभरात एकदाच भेटले होते, तेही स्टेजवर, फोटोग्राफरने "ताई, जरा इकडे बघा" म्हटलं तेवढ्यापुरतं. तिचे पाय सुजले होते आणि चेहऱ्यावर हसू तसंच होतं. ते दृश्य मला अजून आठवतं. माझ्या लग्नात मला माझ्या माणसांशी बोलायचंय.

पबच का, हे बाबांना समजावायला वेळ लागला. "पब" म्हटलं की सांगलीत बसलेल्या माणसासमोर अंधार, रंगीत दिवे आणि कानठळ्या येतात. बाबांनी दारूला कधी हात लावलेला नाही, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. फोनवर ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "दारूच्या दुकानात अक्षता पडणार?" ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

मग एका दुपारी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर आम्ही निवडलेला पब दाखवला. तीन वाजले होते. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते, पायाशी कुत्रा झोपलेला. एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन सूप पीत होती. कोपऱ्यात दोन मुलगे बुद्धिबळ खेळत होते. "पब्लिक हाउस"चंच पब झालं, हेही सांगितलं. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर आपल्या पारासारखंच आहे." मी या देशात आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या खोलीतला हीटर नीट चालत नसे. तेव्हा मी एका अशाच जागी आल्याचं पेय, जिंजर बिअर, घेऊन तीन तीन तास पुस्तक वाचत बसायचे. मला कुणी कधी उठवलं नाही. लग्नाची माणसं जमवायला मला अशीच जागा हवी होती.

तरी बाबांचा प्रश्न मी सोडून दिला नाही. मालकीणबाईंशी बोलून ठरवलं की आधी अंतरपाट, मग जेवण, आणि चार वाजेपर्यंत आमच्या मंडळींसाठी बार बंद. तोवर सरबत, चहा आणि एल्डरफ्लॉवर नावाच्या फुलांचं पाणी. चारनंतर ज्याला जे हवं ते. त्याच्या घरच्यांना हे सांगताना मी जरा बिचकत होते, पण त्याचे वडील म्हणाले, "तुझ्या वडिलांचा मान तो आमचाही मान." पुढे त्यावर चर्चाच झाली नाही.

जागा निवडायची माझी पद्धत हळूहळू तयार झाली. दाराला पायरी किती उंच, हे टेपने मोजायचं. टॉयलेट त्याच मजल्यावर हवं. मग आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून साध्या आवाजात बोलून बघायचो. त्याची आजी, तिला सगळे नॅन म्हणतात, ८८ वर्षांची आहे आणि कानाला यंत्र लावते. उघड्या विटांच्या भिंती आणि लाकडी जमीन फोटोत फार देखणी दिसते, पण तिथे वीस माणसं बोलायला लागली की आवाज असा घुमतो की यंत्रातून तिला नुसता कल्ला ऐकू येतो. गालिचा, जाड पडदे, कापडी बैठका असलेली जुनाट खोली तिच्यासाठी कितीतरी बरी. शेवटी जो पब मिळाला तो दिसायला सगळ्यात साधा आहे. पडद्यांचा रंग उडालाय. दाराला पायरी नाही, टॉयलेट मागच्या खोलीला लागून आहे, आणि नॅनने तिथे बसून माझं बोलणं एकदाही "काय?" न म्हणता ऐकलं. मी तिथल्या तिथे बयाणा दिला.

पैशांचं गणित इथे वेगळं चालतं, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. खोलीला बहुतेक ठिकाणी वेगळं भाडं नसतं, "मिनिमम स्पेंड" असतो. खाण्यापिण्याचं एवढं बिल व्हायलाच हवं, कमी झालं तर फरक आपण भरायचा. आम्हाला शनिवारसाठी ४,५०० पौंड सांगितले होते, त्याच खोलीचे गुरुवारी दुपारी १,६००. ज्यांची माणसं भारतातून दोन आठवड्यांसाठी येणार आहेत त्यांनी शनिवारचा हट्ट धरू नये. बाहेरचं जेवण बहुतेक पब आणू देत नाहीत, फक्त केक चालतो. मी विचारलं, केकऐवजी बेसनाचे लाडू चालतील का? मालकीणबाईंनी एक लाडू खाऊन बघितला, दुसरा हातात घेतला आणि हो म्हणाल्या. इथे १४ ठरावीक ॲलर्जींची माहिती द्यावी लागते, म्हणून लाडवांच्या ताटाशेजारी "दूध, काजू" अशी चिठ्ठी असेल.

कायद्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. दोघांनी प्रत्यक्ष जाऊन लग्नाची नोटीस द्यायची, त्याआधी आपल्या भागात किमान सात दिवस राहत असायला हवं. नोटीस २८ दिवस लावलेली राहते आणि नंतर वर्षभर चालते. व्हिसावर असलेल्यांच्या बाबतीत २८ चे ७० दिवस होऊ शकतात, तेव्हा त्यांनी विमानाची तिकिटं घाईने काढू नयेत. मला कायम राहण्याची परवानगी आहे, म्हणून आमचं २८ वर भागलं. दोन साक्षीदार लागतात. एक त्याची बहीण, दुसरा माझा मामा.

नोटीस देतानाच्या मुलाखतीतली एक गोष्ट मात्र मनात राहिली. अधिकारी बाईंनी माझं नाव, पत्ता, बाबांचं नाव, व्यवसाय विचारलं आणि मग म्हणाल्या, "आता आईचं." इंग्लंडमध्ये १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत फक्त वडिलांचं नाव असायचं. आईचं नाव तिथे यायला २०२१ चा मे महिना उजाडावा लागला. त्याच्या आईच्या स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावर तिच्या आईचं, म्हणजे नॅनचं, नाव नाही.

नाव सांगितलं. व्यवसायाला मी अडले. नोटिशीच्या आदल्या रात्री आईला फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, "लिही गृहिणी, आणखी काय लिहिणार?" आईने तीस वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या मशीनवर निघाली. दिवाळीच्या आधी रात्री दोनपर्यंत मशीनचा आवाज यायचा, आणि सकाळी तिच्या उजव्या तर्जनीवर सुईची नवी भोकं दिसायची. घरात त्याला कुणी व्यवसाय म्हटलं नाही, तीसुद्धा. मी त्या बाईंना म्हणाले, "ड्रेसमेकर." त्यांनी टाइप केलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि बरोबर आहे का बघायला सांगितलं. मी दोनदा वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही. लग्नाच्या दिवशी सह्या करायचा कागद समोर येईल तेव्हा ती स्वतः वाचेल.

सरकारी लग्नात धार्मिक काही चालत नाही. त्यामुळे टाउन हॉलमध्ये मंगलाष्टका म्हणता येणार नाहीत. कायद्याची ठरलेली वाक्यं इंग्रजीतच म्हणावी लागतात, पण त्यानंतर आपले चार शब्द जोडता येतात. आम्ही मराठीत एकेक वाक्य म्हणणार आहोत आणि त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच देऊन ठेवलंय. त्याच्या वाक्यात "सांभाळीन" आहे. रोज सकाळी दाढी करताना तो "ळ" म्हणून बघतो. अजून "ल" आणि "ळ"च्या मध्ये कुठेतरी आहे, पण जवळ आलाय.

मंगलाष्टका पबमध्ये. पबच्या मागे भिंतींनी बंद केलेलं छोटं अंगण आहे, सहा टेबलं मावतील एवढं, आणि कोपऱ्यात अंजिराचं जुनं झाड. बाबांना त्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "अंजीर आणि उंबर एकाच कुळातले. औदुंबराखाली लागलं म्हणायचं लग्न." कृष्णाकाठच्या माणसाला याहून मोठा आशीर्वाद देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या क्षणापासून पबबद्दलची त्यांची कुरकुर संपली. पाऊस आला तर आत गालिच्यावर, पण मी रोज त्या झाडाखालचंच चित्र डोळ्यांसमोर आणते.

आता बाबा रोज एक कडवं पाठवतात. शार्दूलविक्रीडित म्हणजे एका ओळीला १९ अक्षरं, त्यातल्या लघुगुरूत जरा चूक झाली की चाल अडते. ते फोनवर बोटांच्या पेरांवर मोजतात, ते मला ऐकू येतं. परवा पाठवलेली ओळ:

कृष्णा थेम्स नदीस आज मिळते कुर्यात् सदा मंगलम्

मी ती स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटली. तो भांडी घासत होता, हात तसेच ओले ठेवून थांबला आणि म्हणाला, पुन्हा म्हण. "थेम्स" तेवढं त्याला कळलं होतं. उरलेला अर्थ सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

अंतरपाट आजीच्या जुन्या पांढऱ्या सुती लुगड्याचा आहे. कडा आईने दुमडून शिवल्यात आणि पार्सल गेल्या आठवड्यात पोचलं. एका बाजूने नॅन धरणार आणि दुसऱ्या बाजूने आजी. दोघी खुर्चीवर बसूनच धरणार, म्हणून आम्हा दोघांनाही पाटावर बसावं लागेल. उभ्याने मुळात जमणारच नाही, कारण तो साडेसहा फुटांच्या जवळपास आहे. पाट मिळालेले नाहीत. पबमधली दोन बुटकी स्टुलं बघून ठेवलीत, त्यांवर आईने शिवलेल्या गाद्या येतील.

राहिलेल्या गोष्टींत ढोलताशा नाही, वाजंत्री नाही. त्याचा मेव्हणा फिडल वाजवतो, तो अंगणात वाजवेल, ध्वनिक्षेपक न लावता. टाउन हॉलपासून पबपर्यंत बारा मिनिटं चालायचं. दोन्ही आज्या काळ्या टॅक्सीतून येतील, तिला व्हीलचेअरचा उतार असतो. बाकीचे अपर स्ट्रीटवरून साड्या आणि सूट घालून चालत.

"सावधान" म्हटल्यावर काय वाजवायचं, हा प्रश्न मात्र उरला होता. गेल्या मंगळवारी मालकीणबाईंना मी समजावत होते की शेवटचं कडवं संपलं, अंतरपाट दूर झाला की आमच्याकडे कुणीतरी "वाजवा रे वाजवा" ओरडतं आणि सगळं एकदम वाजायला लागतं. त्यांनी ऐकून घेतलं, बारच्या मागे गेल्या आणि तिथे टांगलेल्या पितळी घंटेची दोरी हातात घेतली. ती रोज रात्री एकदा, शेवटची ऑर्डर द्या हे सांगायला वाजते. "ही चालेल?" असं म्हणून त्यांनी ती जोरात तीनदा वाजवली. दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी शब्दकोड्यातून मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा कुत्रा उठून उभा राहिला.

मी म्हटलं, चालेल.