न्यूट्रल कुठे गेला?

आमच्या इथल्या घरात गॅसवर चालणारी फर्नेस होती, खोल्याखोल्यांतून गरम हवा नेणारे पत्र्याचे डक्ट होते, पण एसी नव्हता. अमेरिकेतल्या जुन्या घरांत असं असतं. सेंट्रल एसी म्हणजे खोलीगणिक वेगळा डबा नाही; फर्नेसच्या डोक्यावर थंड कॉइल बसते, फर्नेसचाच पंखा तेच डक्ट वापरून हवा ढकलतो आणि कंप्रेसरचा मोठा डबा बाहेर अंगणात. एसीतला थंड करणारा गॅस हाताळायला इथे सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते काम तंत्रज्ञाकडे दिलं. वायरिंग मात्र परमिट काढून मीच केलं. स्वतः राहत असलेल्या घराचं काम आमच्याकडे असं करता येतं, सगळीकडे चालत नाही.

बाबांची उभी नोकरी वायरमन म्हणून गेली. व्हिडिओ कॉलवर त्यांना बाहेरच्या भिंतीवरचा उघडा डिस्कनेक्ट, म्हणजे युनिटची वीज तोडणाऱ्या स्विचचा डबा, दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "अरे, दोन तारा आणि अर्थिंग. न्यूट्रल कुठे गेला?"

न्यूट्रल लागतच नाही. इथे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीच्या मधोमध न्यूट्रल काढलेला असतो. एका टोकापासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट, दुसऱ्या टोकापासूनही १२०, आणि दोन टोकांमध्ये २४०. दिवे, टीव्ही १२० वर. एसीला दोन्ही टोकं.

"म्हणजे दोन्ही तारा जिवंत," बाबा म्हणाले. अगदी तसंच. म्हणून ब्रेकर जोडीचा, दोन्ही तारा एकदम तोडणारा. आणि केबलमधली पांढरी तार, जी एरवी न्यूट्रल असते, तिला काळी टेप गुंडाळायची, म्हणजे पुढे कोणी फसणार नाही. त्याहून भीतीदायक गोष्ट आत होती. अनेक घरगुती युनिटांमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, दोनपैकी एकच तार तोडतो. थर्मोस्टॅट बंद, पंखा गप्प, तरी कंप्रेसरच्या टर्मिनलवर जमिनीच्या हिशेबाने १२० व्होल्ट उभे. म्हणूनच युनिटच्या नजरेच्या टप्प्यात, फार तर ५० फुटांवर, डिस्कनेक्ट हवाच असा नियम आहे.

खरा वाद पेटला युनिटवरच्या नेमप्लेटवरून. तिच्यावर दोन आकडे छापलेले: तारेची किमान क्षमता १८.६ अँपिअर, ब्रेकर जास्तीत जास्त ३० अँपिअर. पहिला आकडा कसा येतो ते कळलं: कंप्रेसरचा चालू प्रवाह १४.१, त्याच्या सव्वापट १७.६, अधिक पंख्याचा १. याचा अर्थ २० अँपिअरच्या १२ गेज तारेवर ३० चा ब्रेकर लावला तरी नियमात बसतं.

"तार जळेल की रे!" बाबा जवळजवळ ओरडलेच. त्यांनी आयुष्यभर पाळलेला नियम एकच: ब्रेकर तारेहून लहान. माझ्याही डोक्यात तोच होता. पण कंप्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढतो; लहान ब्रेकर त्या धक्क्यानेच पडू शकतो. इथे ब्रेकरचं काम शॉर्टसर्किट सांभाळायचं. यंत्रावर जादा भार आला, तर कंप्रेसरमधलाच ओव्हरलोड स्विच ते थांबवतो. बाबांनी ऐकून घेतलं. "कागदावर बरोबर असेल," एवढंच म्हणाले. मी गुपचूप १० गेज आणली. इथे गेजचा आकडा उतरला की तार जाड होते. १० म्हणजे साधारण सव्वापाच चौरस मिलिमीटर.

२४० व्होल्टना इतका जपलो आणि फसलो २४ मध्ये. थर्मोस्टॅटच्या बारीक तारांत फर्नेसमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट असतात. लाल तारेतून वीज येते, निळी परतीची, पिवळी कंप्रेसरला हाक मारते, पांढरी हीटिंगला. आणि हिरवी? पंखा. हिरवी म्हणजे अर्थिंग, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं, त्यामुळे ती मी तीनदा तपासली. २४ व्होल्टनी काय होतंय म्हणून फर्नेस बंद केली नाही, आणि लाल तार निळीला लागली. ठिणगीसुद्धा दिसली नाही, पण थर्मोस्टॅटचा पडदा काळा पडला. दोन तास शोधल्यावर फर्नेसच्या बोर्डावर ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज सापडला, गाडीत असतो तसला, उडालेला.

तपासनीस आला. डिस्कनेक्टसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल मोकळी जागा हवी. मी तो नेमका युनिटच्या पाठीमागे ठोकला होता. त्याने मोजपट्टी लावून मोजलं आणि तिथूनच नापास करून निघून गेला, घरात आलाच नाही. डिस्कनेक्टचा डबा दोन फूट बाजूला सरकवायचा, केबल पुन्हा ओढायची. रविवार गेला.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री बाबांचा फोन. थंडावा, खर्च, काही विचारलं नाही. "ती पांढरी तार. टेप दोन्ही टोकांना लावलीस ना?"

टॉर्च घेऊन तळघरात उतरलो. डिस्कनेक्टच्या टोकाला लावलेली होती. ब्रेकरच्या पॅनेलच्या टोकाला नव्हती.