गोधडीची चटक

सोमवार

सेंटर टेबल बाल्कनीत गेलं की घरात सगळ्यांना कळतं, नवी गोधडी अंथरली जाणार. गोधडीला जमीनच लागते. खालचं कापड ताणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, मग एकेक थर टाकून तळहाताने मधून कडेकडे सपाट करत जायचं. आत एखादी सुरकुती राहिली तर ती निजणाऱ्याच्या पाठीला कायमची टोचत राहते. वजनांसाठी माझ्याकडे वरवंटा आहे, खलबत्ता आहे आणि ह्यांचे दोन डंबेल्स आहेत. डंबेल्सना घरात दुसरा काही उद्योग नाही.

आजची लहान मुलासाठीची, तीन फूट बाय चार फूट. खाली शेजारच्या काकूंची विटलेली सुती साडी, मध्ये धुऊन धुऊन मऊ पडलेल्या धोतराचे दोन थर आणि वर ब्लाऊजपीस. पुण्यातल्या कुठल्याही कपाटाचा खालचा कप्पा उघडा, हळदीकुंकवात आणि ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा गठ्ठा निघेल. ते शिवायला कुणी टाकत नाही आणि फेकवतही नाहीत. पुढच्या चैत्रात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जातात. मी दिलेला एक मोरपंखी ब्लाऊजपीस काही वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला होता, कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यासकट. त्याचं भ्रमण आज संपलं. मधोमध लावलाय.

रात्री जेवणं झाल्यावर कच्चे टाके घातले. हे बातम्या बघत होते. म्हणाले, "बाजारात चांगली दोहर मिळते की, एवढं कमरेचा काटा ढिला करून कशाला?" म्हटलं, पुरणपोळीसुद्धा मिळते बाजारात, ती का नाही चालत तुम्हाला? त्यावर बातम्यांचा आवाज वाढला.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे सोसायटीच्या क्लब हाऊसवर गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायकांची उपस्थिती बेताची. पूजा मांडून, कहाणी वाचून दोघी-तिघी उशिरा आल्या. मावशी मात्र ठरल्या वेळी हजर. त्या आमच्या मजल्यावर तीन घरी पोळ्या करतात आणि गुरुवारी दुपारी इथे आम्हा सगळ्यांच्या मास्तरीणबाई असतात. बीडकडच्या. परकरात असल्यापासून आईबरोबर वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवलेल्या.

त्यांची पद्धत अशी: कडेने सुरुवात करायची आणि चौकोन धरून आत आत यायचं. साधा धावदोरा. तीन-चार टाके सुईवर भरून घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. डावा हात कापडाखाली. सुईचं टोक त्या बोटाला जाणवलं की समजायचं, टाका सगळ्या थरांतून गेला. त्यामुळे खालचं बोट टोचून टोचून निबर होतं. मी अंगुस्तान वापरते, पण ते सुई ढकलणाऱ्या बोटात. खालच्या बोटात घातलं तर सुई कुठवर आली तेच कळत नाही, आणि मग वरून सरळ दिसणारी ओळ उलट बाजूला निम्मी गायब असते.

माझा टाका त्यांना फार बारीक वाटतो. आज शेजारी बसून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, टाका घालताय का तांदूळ निवडताय? आसं केलं तर संक्रांत उजाडंल."

टाका मोठा चालेल, पण दोन ओळींतलं अंतर एका बोटापेक्षा जास्त नको, हे मात्र त्या कुणाला सोडत नाहीत. कारण साधं आहे. ओळी लांब लांब पडल्या की दोन-तीन धुण्यांत आतलं कापड सरकतं, गोळा होतं आणि गोधडीत कुठे ढेकूळ, कुठे नुसतं वरखालचं कापड. ओळी दाट असल्या की सगळे थर मिळून एकच जाड कापड होतं. बाजारातल्या रजईत कापूस असतो, त्याची ऊब जास्त, कबूल. पण ती नळाखाली धुऊन दोरीवर टाकता येत नाही. गोधडी म्हणजे नुसतं कापडावर कापड. धुवा, पिळा, वाळत घाला.

आज वाद झाला तो सिंथेटिक साड्यांवरून. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी पिशवी भरून आणल्या होत्या, सगळ्या झुळझुळीत आणि रंग अगदी कोरे. मावशी एकदम "नको" म्हणाल्या. आमच्या गोधड्या ऊसतोडीच्या तळांवर जातात. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल आत नाहीतर अगदी दाराशी. ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडेल. नायलॉन-पॉलिस्टर वितळतं आणि अंगाला चिकटतं. वहिनींचा चेहरा उतरला, पण ऐकलं. मग सगळ्या पिशव्यांतल्या शंका असलेल्या कापडांचा एकेक दोरा काढून गॅलरीत काडीने जाळून बघायचा कार्यक्रम झाला. सुताची राख भुरभुरीत होते, कागद जळल्यासारखा वास येतो. सिंथेटिकचा टोकाला काळा कडक मणी होतो. वॉचमन दोनदा वर येऊन गेला.

शनिवार

सबंध सकाळ आलेली गाठोडी निवडण्यात गेली. लिहू नये, पण लिहितेच: लोक देतात काय काय! मळलेल्या उशांचे अभ्रे, रबर गेलेले लेंगे, एक सबंध गाठोडं नुसत्या मोज्यांचं, त्यातही जोडीतला एकच. वर निरोप, "गरिबांना काहीही चालतं." ज्यांच्याकडून हे आलं ते काही अडाणी नाहीत, दर दिवाळीला घराला नवा रंग काढतात.

अशा वेळी मला सासूबाई आठवतात. त्या नारायण पेठेत राहायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर घरातल्या गोधड्या गाळाने अशा जड झाल्या होत्या की दोघांना उचलवेनात, रस्त्यावर ओढत न्याव्या लागल्या. मग मदत आली. त्यांच्या वाट्याला आलेल्या गाठोड्यात एक परकर होता, नाडीपाशी फाटलेला. पुढे सुस्थिती आली, नातवंडं झाली, तरी त्या परकराचा विषय निघाला की सासूबाईंचा आवाज चढायचा. त्याच गाठोड्यात एक कोरी घोंगडीही होती. ती देणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि शेवटपर्यंत त्या त्याला दुवा देत राहिल्या.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे. वरचं आणि खालचं कापड धडच हवं, जुनं असलं तरी. विरलेलं फक्त आतल्या थरात. सगळं आधी धुऊन वाळवायचं, म्हणजे नंतर रंग जात नाही आणि आटायचं ते आधीच आटतं. जरीचा काठ उसवून काढायचा, तान्ह्याच्या गालाला ओरखडे येतात. टिकल्या, आरसे, बटणं काही नको. दिल्लीच्या 'गूंज'चं काम मी बरीच वर्षं वाचत आले आहे. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये ती संस्था सुरू केली. तिथेही जुन्या कापडाच्या सुजनी, म्हणजे तिकडच्या गोधड्या, शिवून घेतात. कापड देणं ही उपकाराची गोष्ट नाही, घेणाऱ्याचाही मान असतो, हा त्यांचा आग्रह मला पटतो.

दुपारी खालच्या जोशीकाकू भेटल्या तर म्हणाल्या, "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही!" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर पुण्यबिण्य काही नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाताला चाळा म्हणून सुई धरली आणि आता चटक लागली आहे. दुपारी चहा झाला की बोटं शिवशिवतात. एक ओळ पुरी झाली की "ही एवढी एक" म्हणत दुसरी, आणि मान वर करावी तो दिवेलागण झालेली. आमच्या दोन बेडरूमच्या घरात माणसं तीन आणि गोधड्या ठेवायला एकच दिवाण. मुलीला दिल्या, भाच्यांना दिल्या, प्रत्येक बारशाला दुपटं नेलं. आता नातेवाईक मला बघून आधीच सांगतात, आमच्याकडे आहे हं! म्हणजे गोधडी कुणाला तरी द्यायची आहे ही गरज आधी माझी. घेणाऱ्याने ती भागवली, असाच हिशेब मी मांडते. आणि हे एकदा मान्य केलं की देताना चेहऱ्यावर जो एक उदार भाव येतो ना, तो येत नाही.

मंगळवार

भाचीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल. तिच्याकडे क्विल्टिंगचा मोठा ग्रुप आहे, मशीन केवढं थोरलं, मध्ये घालायला कापसाची तयार गादी मिळते, कापड कापायला चाकाची सुरी. कोपऱ्याला कोपरा असा जुळलेला की फुटपट्टी लाजेल. मला कौतुक वाटलं, पण हेवा नाही वाटला.

हेवा वाटला तो तिने नंतर दाखवलेल्या फोटोंचा. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या. शेतात घालून विरलेल्या पँटी, शर्ट. गुडघ्याचा भाग फिका, शिवणीची घडी गडद, आणि ते तसंच ठेवून केलेली रचना. एकही रेघ सरळ नाही आणि नजर हलत नाही. थंडी भागवायला शिवलेल्या या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्येच फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली होती. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने निघाले, सूतगिरण्या निघाल्या. गोधडीची सहकारी संस्था मात्र माझ्या तरी ऐकण्यात नाही.

भाचीला मग मी आपल्या बाजूचं सांगितलं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. त्याही मावशींसारख्याच कडेपासून आत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून छोटी छोटी त्रिकोणी फुलं लावतात. मी एका दुपट्याला तशी फुलं लावली होती. मावशींनी बघितली, बोटाने ओढून पाहिली आणि कात्री मागितली. "तान्हं लेकरू पयलं हेच तोंडात घालतंय." बरोबरच आहे. मोठ्या गोधड्यांना मात्र मी लावणार आहे. तेवढी हौस माझी.

रविवार

पहाटे निघालो, दोन गाड्या. हडपसर मागे पडेपर्यंत काचा बंद होत्या, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या आणि उसाचा वास आत आला. दौंडच्या पुढे एका कारखान्याजवळचा तळ. मावशींचा भाऊ आणि भावजय यंदा तिथे कोयत्यावर आहेत. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांची, काम दोघांचं. दिवाळीनंतर यायचं, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत.

आम्ही पोचलो तेव्हा तोडीवरची माणसं फडात होती. तळावर म्हाताऱ्या, एक ओली बाळंतीण, आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेतलेल्या मुली. फोटो काढायचे नाहीत हे आम्ही आधीच ठरवलं होतं. रांगबिंगही नाही. मावशींनी गाठोडं सोडलं, सतरंजीवर सगळं पसरलं आणि म्हणाल्या, ज्याला जे आवडंल ते घ्या.

एका आजींनी माझी ब्लाऊजपीसची गोधडी उचलली. समोरून बघितलीच नाही. आधी उलटी केली. उलट बाजूच्या ओळी बघितल्या, एका ठिकाणी नख लावून दोरा वर ओढला, कोपरा मुठीत दाबून आत किती थर आहेत त्याचा अंदाज घेतला. माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं बँकेत ऑडिटला तोंड दिलं, पण असं नाही झालं कधी.

"हातानं घातलाय समदा?"

म्हटलं, हो.

"टाका झ्याक हाय. पर आखूड हाय की वो. हितं दोघं-तिघं एकाखाली निजत्यात. पाय उघडी पडली तर रातभर वढावढी."

आणि मग त्यांनी हाताने माप दाखवलं: जमिनीवर वीत टाकत टाकत लांबी, रुंदी. जाडी मात्र वाढवू नका म्हणाल्या. पाटाच्या पाण्यावर धुवायची, वाळायला एकच दिवस. पाच थरांची गोधडी संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि रात्री ओलीच अंगावर येते. तीनच थर, पण लांब. हे आम्हाला क्लब हाऊसमध्ये बसून कधी सुचलं नसतं. बाळंतिणीने दुपटं घेतलं, मोरपंखी गोधडी त्या आजींनीच ठेवून घेतली, नातवासाठी म्हणाल्या. निघताना आजींनी माझा हात हातात घेऊन निबर बोट चाचपून बघितलं आणि मावशींना काहीतरी म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मावशींना विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

येताना गाडीत हिशेब मांडला. चार फूट बाय सहा फूट म्हणजे वर लावायला ब्लाऊजपीस दुप्पट लागतील. ते हळदीकुंकवांनंतर मिळतील, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवायला हवं. खालच्या बाजूला साडी पुरेल, पण मधून जोड आला की तिथेच आधी उसवतं. रविवार पेठेत कापडगंजात जाऊन मांजरपाटाचा भाव विचारायचा. पन्हा मोठा मिळाला तर जोड वाचेल. जाड दोऱ्याची रिळंही संपत आली आहेत, पांढरी आणि लाल.