टॉर्च, पेन्सिल आणि पाच रुपयांचं नाणं

मे महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला की मी टॉर्च, पेन्सिल, पाच रुपयांचं नाणं आणि जुनी डायरी घेऊन गच्चीवर जाते. पावसाळ्याआधी इमारत तपासायची, तर सुरुवात वरूनच करायची. पाणी वरून खाली येतं, तुम्हीही तसंच या, हे मला आमच्या प्लंबरने सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका दरवर्षी विचारतात, "निघाल्या का बाई पालखी घेऊन?"

आमची सोसायटी डोंबिवलीतली, १९९६ सालची. खाली पार्किंग, वर सात मजले. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी करायचं असतं. मधल्या वर्षांत बघायचं कोणी? जी सेक्रेटरी झाली तिने.

गच्चीवरचं पहिलं काम म्हणजे पावसाच्या पाण्याच्या जाळ्या. यंदा निघालेला माल : पालापाचोळा, मांज्याचा गुंता, एक टेनिस बॉल, चिप्सची पाकिटं. मग कठड्याच्या सांध्यातला पिंपळ. गेल्या वर्षी तो वीतभर झाला होता. वॉचमन हात लावेना, "मुंजा असतो ताई" म्हणाला. मी स्वतःही जरा कचरलेच, खोटं कशाला बोलू? शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या, रोपाला नमस्कार केला, सावकाश उपटून कुंडीत घातलं आणि पुढे देवळामागे नेऊन लावलं. यंदा त्याच जागी पुन्हा दोन कोवळी तांबूस पानं! मूळ आतच तुटलं होतं. आता गवंड्याला बोलवून सांधा फोडायचा आणि मूळ काढून नीट भरून घ्यायचा.

जिन्यात मी बघण्यापेक्षा भांडते जास्त. चपलांचे स्टँड, सायकली, पाचव्या मजल्यावर तर बंद पडलेलं वॉशिंग मशीन. सहाव्या मजल्यावर आगीच्या पाइपाची पेटी उघडली तर पितळी नोझल गायब, आत झाडू. आगीची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो. जानेवारीच्या फॉर्मवर सगळं ठीक लिहिलेलं आहे. त्यांनी पेटी उघडली होती का, हे मी फोन करून विचारलं. "बघून सांगतो" म्हणाले.

भेगांचं मात्र मला आता व्यसनच लागलंय. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारते आणि शेजारी तारीख लिहिते. चौथ्या मजल्यावरच्या केसासारख्या भेगेने दोन वर्षांत रेघ ओलांडलेली नाही. ती प्लास्टरची, तिच्यावर झोप उडवायची नाही. भिंतीवर पांढरा लोणा दिसला तर ओल कुठून येते ते शोधायचं. तपकिरी डाग दिसला तर मात्र थांबायचं. आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट बाहेर ढकलतो. तिथे नाण्याने ठोकून बघते. घट्ट जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेचा बद्द.

दुरुस्तीचे आवाज ऐकले की मी बेल वाजवते, लोकांना राग येतो. येऊ दे. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर फेरफार चालले होते.

शेवटी पार्किंग. सगळे खांब ठोकून झाले, एक सोडून. त्या खांबावर आमचा नोटीस बोर्ड आहे. तीन वर्षं मी त्यावर स्वतःच्या हाताने नोटिसा लावतेय, पण त्याच्या मागे बघावं असं कधी डोक्यात आलं नाही. बोर्डाच्या खालच्या कडेला बोटभर तपकिरी ओघळ होता. वॉचमनने स्क्रू काढले, बोर्ड उतरवला. नाणं लावलं. बद्द. वीतभर वर, पुन्हा बद्द. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा तळहाताएवढा पापुद्रा वॉचमनच्या पायाशी पडला आणि आत तांबडी, सालं सुटलेली सळई दिसली.

त्या जागेपासून गाड्या हलवल्यात. इंजिनीअर उद्या सकाळी येतोय. बोर्ड लिफ्टशेजारी भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यावर अजून मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी आहे.