गायक डावीकडे सरकतो तेव्हा

पुण्यातल्या तपकीर गल्लीत ऑडिओचं काम करताना एक गिऱ्हाईक हमखास भेटतं: पहिली नोकरी, भाड्याची खोली, खिशात दहा हजार आणि पहिला स्टिरिओ घ्यायची ओढ. परवाचा मुलगा त्यातलाच, फक्त त्यानं निम्मं काम स्वतः उरकलं होतं. दहा हजार वॅट पीएमपीओ (फुगवलेला जाहिराती आकडा) लिहिलेला फाइव्ह-पॉइंट-वन, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा सेट त्यानं टाळला होता. त्याऐवजी वापरलेल्या टू-वे (खर्जाला वूफर, वरच्या आवाजाला ट्वीटर) बुकशेल्फ स्पीकरची जोडी साडेचार हजारांत घेतली होती. पाच इंची वूफर, आठ ओहम, मागे पोर्ट (हवेचं भोक). सोबत दोन हजार सहाशेचा छोटा क्लास-डी ॲम्प होता. कमी पैशांत हीच वाटणी योग्य. जवळपास निम्मे पैसे स्पीकरला, बाकीचं उरलेल्यात बसवायचं.

तक्रार मात्र विचित्र होती. ‘काका, बाया मधोमध वाजतो, पण चाट डावीकडून येते. गाणाराही डावीकडे सरकतो.’ बाया म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा डग्गा, आणि चाट म्हणजे उजव्या तबल्याच्या काठावरचा धारदार आवाज. मुलगा तबला शिकतो, म्हणून त्याला हे इतकं नेमकं सांगता आलं. एरवी लोक ‘आवाज बरोबर येत नाही’ एवढंच म्हणतात.

असा दोष शोधायला मोनो ध्वनिमुद्रणासारखं साधन नाही, आणि तेही फुकट. १९५०-६०च्या दशकातली कितीतरी नाट्यगीतं आणि भावगीतं मोनोच आहेत. दोन्ही स्पीकरना अगदी तोच आवाज मिळतो, त्यामुळे गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या यासाठी नकोत, त्यांत वरच्या पट्टीतलं फारसं काही उरलेलंच नसतं. तबकडीवरून डिजिटल केलेल्या गाण्यात दोन बाजूंना थोडा फरक पडलेला असू शकतो, म्हणून फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करायचं. तिथेच डाव्या-उजव्या बॅलन्सची पट्टी असते, ती मधोमध आहे ना तेही बघायचं. ती चुकून सरकलेली असली, तर माणूस उगाच स्पीकर खोलत बसतो.

मग अदलाबदल. ॲम्पच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना आपसांत बदलल्या, गायक डावीकडेच. म्हणजे फोन आणि केबल सुटले. ॲम्पच्या आउटपुटला दोन्ही स्पीकरच्या तारा बदलल्या, तरी डावीकडेच. ॲम्पही सुटला. शेवटी स्पीकरच उचलून एकमेकांच्या जागी ठेवले, आणि गायक उजवीकडे गेला. म्हणजे खोलीचा, भिंतीचा, पडद्याचा काही संबंध नाही. दोष एका स्पीकरच्या पोटात होता.

उलटी पोलॅरिटी असती, म्हणजे एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेले असते, तर लक्षण वेगळं दिसलं असतं. तेव्हा आवाज सरकत नाही, विस्कटतो आणि खर्ज गायब होतो. तरी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहिला. प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही वूफरचे कोन (पुढचे शंकू) बाहेरच आले.

विकणाऱ्यानं मल्टिमीटर लावून दाखवला होता, दोन्ही स्पीकर ६.२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला डीसीवर (मीटरच्या एकदिश प्रवाहावर) साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतात, म्हणजे आकडा उत्तम. पण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. मागच्या टर्मिनलवर मीटर लावला की दिसतो तो फक्त वूफर. ट्वीटर जळलेला असला, तरी मीटर हाच आकडा दाखवेल. वापरलेली जोडी घेताना मीटरवर थांबू नये. जाळी काढून ट्वीटरपाशी कान न्यावा आणि दोन्ही बाजूंची ‘स’, ‘श’ ऐकून तुलना करावी. वूफरचा कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबावा. खरखर आली, तर कोन हलवणारं आतलं वेटोळं (व्हॉइस कॉइल) घासतंय. कोनाच्या कडेचा सराउंड (लवचीक पट्टा) फोमचा असेल, तर बोटानं चाचपावा. चिकट लागला किंवा भुगा पडला, तर त्या किमतीत घेऊ नये. रबरी सराउंड बरीच वर्षं टिकतो.

वूफरचे चार स्क्रू काढले. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. चुंबक स्क्रू-ड्रायव्हर खेचून घेतो आणि टोक सरळ कोनात घुसतं, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं कोनावर आडवी धरायची. आतला क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचा आवाज वाटून देणारं सर्किट) अगदी साधा: वूफरला एक कॉइल, ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या एका पायाचा डाग (सोल्डर) सोडवून मोजला, तर चांगल्या स्पीकरमध्ये ४.४ आणि बिघडलेल्यात १.९. आतला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो आणि क्षमता घटते. ४.७ वर ट्वीटर सव्वाचार हजार हर्ट्झच्या आसपास कामाला लागतो, १.९ वर थेट साडेदहा हजारांजवळ. मधल्या पट्ट्यात चाटीची धार आणि गाणाऱ्याचे स्पष्ट उच्चार असतात. चार हजारांपाशी उजवी बाजू सहाएक डेसिबल मागे पडली होती, म्हणून तेवढाच भाग डावीकडे जात होता.

दोन्ही कपॅसिटर बदलले, एक नाही. एकच बदलला, तर जोडी पुन्हा विजोड होते. ४.७ मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलीन फिल्म घेतले, दोन मिळून २४० रुपये. ते अंगठ्याएवढे असतात आणि छोट्या बोर्डावर मावत नाहीत. ग्लू गननं पक्के चिकटवले नाहीत, तर खर्जात थरथरतात. साधा, एका बाजूला वजा छापलेला इलेक्ट्रोलिटिक मात्र इथे चालत नाही.

नंतर त्याच गाण्यावर गायक मधोमध आला आणि चाटही.

आता ॲम्प. खोक्यावर दोन गुणिले पन्नास वॅट आणि आत टीपीए३११६ चिप. हे पन्नास खरे आहेत, पण चार ओहमला आणि २१ व्होल्टवर. दुकानदारानं मात्र बारा व्होल्टचा अडॅप्टर माथी मारला होता. आठ ओहमला बारावर गणित सरळ आहे: १२ गुणिले १२, भागिले १६ (आठ ओहमची दुप्पट), म्हणजे नऊ वॅट. त्याच्यापुढे आवाज फाटतो. तरी दहा बाय बाराच्या खोलीत नऊ वॅटही काही थोडे नाहीत. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवरच शेजाऱ्याला ऐकू जातो. पण तबल्याची थाप सरासरीच्या कितीतरी वर उसळते, आणि ती नऊ वॅटमध्ये चेपली जाते. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर नऊशेला मिळतो. त्याला मी आधी घरी पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर शोधायला सांगितलं. त्यावर बावीस वॅट निघतात. फक्त पिनेचा मधला भाग प्लस आहे ना, ते मीटरवर बघायचं आणि भोक जुळतंय का तेही.

तारेसाठी तांब्याची एक स्क्वेअर एमएमची पुरते. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.१७ ओहम, आठपुढे नगण्य. या चिपच्या आउटपुटला दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा मात्र कधी एकत्र जोडायच्या नाहीत. त्या ग्राउंड (समाईक मायनस) नसतात.

स्पीकर तो लोखंडी कपाटावर ठेवणार होता. मी नको म्हटलं. पत्रा घुमतो, आणि ट्वीटर कानाच्या कितीतरी वर जातो. दोन स्टुलं, मधे दीड-दोन मीटर, मागच्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे. कोपऱ्यात सारले, तर बायाचा घुमारा इतका फुगतो की ‘धा’ आणि ‘घे’ वेगळे कळत नाहीत. लॅपटॉपचा अडॅप्टर दुसऱ्या दिवशी आला. त्याची पिन जाड होती, ती कापून वीस रुपयांची दुसरी जोडली. वाचलेल्या पैशांतून त्यानं स्टुलं घेतली.